भोपळ्याची मान

प्रिय अहो,

'प्रिय' लिहायचं असतं असं मिरी म्हणाली म्हणून लिहिलंय, त्याने फुगून जाऊ नका. नात माझी, पण मास्तरीण झालीय. खांद्यावरून दोन ओळी वाचून चार चुका काढल्या, तेव्हा तिला साबण आणायला पिटाळलं आणि आता बसलेय एकटी. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. अक्षरं जुळायला लागली तोवर शाळा सुटली. काना-मात्रा चुकेल, मजकूर चुकणार नाही. चष्मा लावा आणि स्वतः वाचा. वन्संना वाचायला देऊ नका. त्या मोठ्याने वाचतात आणि मधे मधे पदरचं घालतात.

फोन का नाही केला म्हणाल, तर केला होता की. तुम्ही 'हं' म्हणालात, मग परत 'हं' म्हणालात, आणि फोन बहिणीच्या हातात दिलात. नुसते हुंकारच ऐकायचे तर बटाट्याच्या पोत्याशी बोललेलं काय वाईट? म्हणून लिहितेय. कागदाला मधेच उठून जाता येत नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही ताट सरकवलंत आणि म्हणालात, "आयुष्यभर जनावरं कापली. आता त्यांचा चारा खाऊ?" आणि पिशवी उचलून बहिणीच्या गावाला चालते झालात. वाक्य झकास होतं. गल्लीत गाजलं. समोरच्या न्हाव्याने त्यावर आठवडाभर गिऱ्हाइकं हसवली. पण ताटात चारा नव्हता, राजमा आणि लाल भोपळा होता, आणि तो करायला मी सकाळपासून पायावर उभी होते. चारा शिजवावा लागत नाही हो. चारा टाकला की जनावर मुकाट खातं, वर तोंड वाकडं करत नाही.

लोकांना वाटतं, खाटकाच्या घरी मटण म्हणजे चैन. लोकांचं काय जातंय. आपल्याकडे मटण हीच काटकसर होती. खपेल ते गिऱ्हाइकाचं, उरेल ते माझ्या पातेल्यात. कधी नळ्या, कधी पाय, कधी कोणाला नको असलेली मान. लग्न होऊन आले तेव्हापासून डाळीच्या डब्याचं झाकण मी पाहुणा आल्यासारखं कधीतरी उघडलं. भाजी घ्यायची म्हणजे पैसे मोडायचे, मटण मात्र घरचं. मग कोपऱ्यावर ते काचेचं दुकान आलं. आत गार हवा, गुळगुळीत फरशी, आणि पारदर्शक कागदात गुंडाळलेले तुकडे, ज्यांना ना हाड, ना वास, ना कापणाऱ्याशी दोन शब्द. आपली गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली. आपल्या दारावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जायची, एवढी लाज होती त्यांना. गेल्या थंडीत तुम्ही शटर ओढलंत आणि एवढंच म्हणालात की त्या काचेच्या दुकानातला तुकडा या घरात येणार नाही. त्यानंतर बोलणंच टाकलंत.

मी काही म्हटलं का? नाही. तुकडा आणायला पैसे नव्हते, ती गोष्ट वेगळी. पोराच्या टेम्पोवरच्या पगारात आणि सूनबाईच्या शिलाईत पाच तोंडं भरायची, तर त्या तुकड्याकडे काचेतून बघता येतं, तेवढं फुकट आहे. पण ते मी तोंडाबाहेर काढलं नाही. म्हटलं, ह्यांचा शब्द आहे, राहू दे. आणि दुसऱ्या दिवशी पातेल्यापुढे उभी राहिले तेव्हा कळलं की मला स्वयंपाक येत नाही.

हसू नका. इतकी वर्षं ढवळलं, पण पातेल्यात हाड होतं. हाड आपलं आपण स्वयंपाक करतं, बाईने फक्त झाकणाची उघडझाक करायची. पहिला राजमा केला तो आठवतोय? तुम्ही पेपरमागे तोंड लपवून बसला होतात, तुम्हाला काय माहीत. मी तो धुतला, मटणाच्या खांद्याला लावते तसं मीठ चोळून ठेवला, आणि तसाच शेगडीवर चढवला. दुपार झाली तरी खडे ते खडेच. फेस आला तो चमच्याने काढून टाकला आणि वाट बघत बसले, चरबी कधी वर तरंगते म्हणून. राजम्याची चरबी. इस्त्रीवाली कपडे द्यायला आली होती, तिने हे बघितलं आणि गठ्ठ्यासकट उंबऱ्यावर बसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

तीच ती, जिला तुम्ही कागदात बांधून हाडं द्यायचात आणि मी आतून ओरडायचे की खाटकाने धर्मशाळा काढलीय. तिने शिकवलं मला. आदल्या दिवशी भिजत घाल, मीठ शेवटी घाल, आणि चरबीच हवी असेल तर दाणे भाजून, वाटून घाल. नवरा गेल्यावर तिने तीन पोरं राजम्याच्या या पाण्यावर वाढवली, एकेक पोरगा दारात मावत नाही. शिकवणीचं काय घेतलं? पातेलं खरवडायला मागितलं. आणि जाताना म्हणाली, तुमची हाडं बरी होती, पण आठवड्यातून एकदाच असायची, बाकीचे दिवस मी हेच करायचे. म्हणजे बघा, आपल्याला वाटायचं आपण तिला जगवतोय.

त्यानंतर मी हात बसवला. कोबीचा दांडा कोणी फेकतं, मी तो किसून डाळीत घालते, डाळ दाट होते. वाटाण्याची सालं उकळून पाणी गाळून घेते. शिळा पाव तव्यावर कडक करून रश्शात टाकते, पोरगा भर दुपारी गाडीवर गोण्या चढवून येतो, तो खातो आणि आडवा होऊन झोपतो, इतका तो पोटात बसतो. वांगं थेट जाळावर ठेवते, पार कोळसा होईपर्यंत, म्हणजे धुराची चव येते. हे सगळं तुमच्या नाकाखाली चाललं होतं. तुम्ही खात होतात, पुन्हा वाढूनही घेत होतात. चारा तो अचानक त्या एकाच संध्याकाळी झाला.

आणि गेलात कुठे, तर वन्संकडे. त्यांच्या गावातही तेच काचेचं दुकान, तीच पाटी. परवा त्यांचा फोन आला तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगत होत्या, फ्रिज भरून ठेवलाय, दादा आलाय म्हणून रोज काही ना काही करतेय. ऐकून माझ्या अंगाची आग आग झाली. माझ्या घरात बंदी आणि बहिणीच्या घरात मेजवानी? मी इथे कोबीचे दांडे किसतेय तुमच्या शब्दापायी, आणि शब्द देणारा तिकडे त्याच दुकानाचे पुडे फोडतोय? असं मला वाटलं. का वाटलं ते लिहून ठेवते, म्हणजे फोनचं उरलेलं सांगितल्यावर मी किती तापले होते ते तुम्हाला कळेल.

आधी त्या संध्याकाळचं बोलू. तुम्ही ते बोलणार नाही, मीच बोलते. बाजार उठताना अख्खा भोपळा मातीमोलाने मिळाला होता. अख्खा नेहमी स्वस्त, फोडी करून ठेवल्या की तोच महाग. पण माझं मनगट आता कामातून गेलंय, सुरी आत जाईना. तुम्हाला हाक मारली. शटर ओढल्यापासून तुम्ही सुरा हातात धरला नव्हता. मधल्या दाराने बंद दुकानात गेलात, ओंडक्यावर भोपळा ठेवलात, एकदा फिरवून बघितलात, आणि असा कापलात की मी पातेलं विसरून बघत राहिले. एक घाव वाया नाही. मिरी तर उड्या मारायला लागली. या बरगड्या, हा खांदा, ही मांडी, आणि देठाकडची ही आजोबांची मान. वाटणीही तिनेच लावली, तुम्ही मटणाची लावायचात तशीच. मांडी तिला, खांदा तिच्या बापाला, बरगड्या सूनबाईला आणि मला, मान तुम्हाला. तुम्ही हसत होतात. मी बघितलंय, नाही म्हणू नका.

मग पोरगा कामावरून आला, दारातूनच म्हणाला, बाबा, आता भोपळ्याचं दुकान काढा. आणि हसला. दमून आला होता, त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण तुमचा हात थांबला. सुरा पुसलात, पुसतच राहिलात. पुढे ताटावर जे झालं ते गल्लीला माहीत आहे. नाव चाऱ्याचं पुढे केलंत, लागलं होतं ते हसणं. मी बायको आहे हो, गिऱ्हाईक नाही. मला वरवरचा कागद दाखवून भागत नाही. आणि लागलं तर त्याला तिथेच दोन शब्द सुनवायचे होते, बाप आहात. त्याऐवजी माझा राजमा मधे घेतलात. भांडण बाप-लेकाचं, आणि बदनामी माझ्या पातेल्याची.

दुसरी बातमी. घरमालकाने आपला गाळा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला दिला. पहिल्या तारखेला तो येतोय, त्याआधी सगळं हलवा म्हणून निरोप. ही बातमी काचेच्या दुकानापर्यंत कशी गेली देव जाणे, पण त्यांचा मॅनेजर आला. गळ्यात टाय, बोलणं मधाचं. म्हणाला, आजी, तो ओंडका आणि ते मटण टांगायचे आकडे आम्हाला द्या. आम्ही दर्शनी काचेत मांडू, वर छान दिवा लावू, जुन्या काळाची आठवण म्हणून. पैसेही देऊ. जुना काळ म्हणे. गेल्या थंडीपर्यंत त्या ओंडक्यामागे माणूस उभा होता, त्याला यांनीच घरी बसवलं, आणि आता त्याच्या ओंडक्यावर दिवा लावणार. पोरगा पैशाचं ऐकून हो हो करत होता. त्याचं चुकलं असंही म्हणत नाही, महिनाअखेर त्यालाच दिसते. मी मॅनेजरला विचारलं, ओंडक्यामागे कोणाला उभं करणार, मेणाचा खाटीक? तर म्हणतो, कल्पना वाईट नाही. तेव्हा हातातल्या पळीसकट मी त्याची उंबऱ्यापर्यंत पाठवणी केली. त्याच्या बुटांवर रस्सा सांडला तो काही मुद्दाम नाही. फार मुद्दाम नाही.

आता फोनचं उरलेलं. तुमची बहीण मनाची चांगली, पण तोंडात तीळ भिजत नाही. तुम्ही त्यांना काय काय सांगू नको म्हणून बजावलं असेल ते सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. म्हणाल्या, वहिनी, दादा काही खातच नाही. मटणाचं ताट पुढे आलं की पोट जड आहे म्हणतो, आणि पाव-कांदा खाऊन उठतो. पाव-कांद्याने पोट जड झालेला माणूस मी अजून बघितला नाही. म्हणजे शब्द पाळताय. ठीक आहे, तेवढ्यापुरती मी आधीची ओरड मागे घेते. मग जरा घुटमळून विचारतात, तुमचा तो घट्ट राजमा कसा करता हो? वन्सं विचारतात. ज्यांच्या यजमानांचं राजम्याच्या नावाने पोट फुगतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही बहिणीच्या आडून. सुंभ जळाला, पीळ आहे तसाच.

कृती हवी ना? घ्या. राजमा आदल्या दिवशी भिजवा. दुसऱ्या दिवशी मऊ शिजवा, बोटाने चिरडला गेला पाहिजे. दोन मोठे कांदे तेलात मंद जाळावर काळपट होईतो परता. लाल नाही, काळपट. ते होतात तोवर हलायचं नाही. त्यात लसूण, टोमॅटो, भाजून वाटलेले दाणे. थोडा राजमा पळीने ठेचून त्यातच घाला, आणि मग सगळं एकत्र करून रटरटू द्या, पळी उभी राहीपर्यंत. मीठ शेवटी. एवढंच. पण ते वन्संच्या घरी होणार नाही. इतका वेळ शेगडी पेटती दिसली की त्यांचे यजमान उठून बघायला येतात, कोण पैसे जाळतंय म्हणून.

आणि जाता जाता वन्सं आणखी एक बोलून गेल्या. त्यांना वाटलं, सहज बोलल्या. म्हणाल्या, मी मुद्दाम मांडीचा तुकडा आणते, दादाला लहानपणापासून मांडीच आवडते, मानेला तर तो हात लावायचा नाही. आईने वाढली की ताटाखालून मांजराला सरकवायचा.

मी फोन हातात धरून उभी. त्या पुढे काय बोलल्या ते मला माहीत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला मी तुमच्या ताटात मांडीचा तुकडा वाढला होता. तो तुम्ही उचलून माझ्या ताटात टाकलात आणि म्हणालात, "मला मान वाढत जा. मान सगळ्यात गोड असते." मी नवी, मला काय कळणार. म्हटलं, खाटीक आहे, त्याला नाही कळणार तर कोणाला. तेव्हापासून तुमची मान मी जास्त वेळ शिजवली. सासूबाईंच्या नजरेआड झाकून ठेवली. पोराने लहानपणी एकदा तिला हात घातला तर त्याच्या बोटांवर पळी मारली, बाबांचा आवडीचा तुकडा आहे म्हणून. पोरगा तेच शिकला, मिरी तेच शिकली. सगळ्या घराला एका माणसाने चकवलं. गिऱ्हाइकाला तुम्ही कधी मापात मारलं नाहीत, तसं नाव होतं तुमचं. मापात मारलंत ते घरच्यांना, आणि तेही रोज.

आणि तुमच्या मागे काय चाललंय ठाऊक आहे? महागाच्या फोडी आणून भोपळा केला की मिरी देठाकडचा तुकडा वेगळा काढते आणि झाकून ठेवते. आजोबांची मान. तुम्ही येत नाही, टाकायचं या घराला माहीत नाही, मग दुसऱ्या दिवशी तो मी खाते. चिवट, दोऱ्या दोऱ्या, चव नाही. चावता चावता मी म्हणत होते, यात ह्या माणसाला गोड काय लागतं. आता कळलं. काही लागत नव्हतं.

इस्त्रीवालीला सांगितलं, तर तिने डोळे पुसले, म्हणाली केवढं मन. माझं नाही भरून आलं. मला राग आला आणि तो अजून आहे. मला विचारलं असतंत तर आळीपाळीने खाल्ली असती. माझे दात तेव्हा तुमच्यापेक्षा चांगले होते. हलका तुकडा एकट्याने उचलायचा आणि वर तो आवडतो म्हणून सांगायचं, म्हणजे समोरच्याला नको म्हणायलाही जागा ठेवायची नाही. हा चांगुलपणा नाही, ही दांडगाई आहे. आणि तीच तिकडेही चाललीय. भूक लागली की पोट जड. घरी यावंसं वाटलं की बहिणीला राजमा विचारायला लावायचा.

तर आता हे पत्र कशासाठी ते सांगते, कारण मिरी साबण घेऊन येताना दिसतेय. ओंडका काचेच्या दुकानात गेला नाही. काल पोराने आणि न्हाव्याने मिळून तो मधल्या दाराने आत आणला. स्वयंपाकघरात त्याच्यापुरती जागा एकच होती, खिडकीखाली, तुमच्या खुर्चीची. खुर्ची पोरानेच उचलून बाहेर ठेवली, मी सांगायच्या आधी. सुऱ्यांना धारही लावून आणली आणि भिंतीवर आकडे ठोकले. तोंडाने चकार शब्द नाही, तुमचाच मुलगा. तेव्हा तुम्हाला आता या घरात बसायला जागा नाही, उभंच राहावं लागेल, त्याची सवय आहेच. बाजारात अख्खे कोबी, अख्खे भोपळे पडलेत आणि माझ्याच्याने एकही फुटत नाही. अख्खं घेतलं तरच या घराचं भागतं, आणि अख्खं घ्यायचं तर कापणारा लागतो. कालच एक आणलाय, ओंडक्यावर ठेवलाय, त्याला मी कोणाला हात लावू दिलेला नाही. वाटणी बदललीय. मिरीला सांगून झालं. तिने विचारलं, मग मान कोणाची. म्हटलं, या खेपेला माझी, पुढच्या खेपेला तुझ्या बापाची. मांडी तुमच्या ताटात पडेल. ती उचलून इकडे तिकडे टाकायची नाही, सगळ्यांसमोर मुकाट्याने खायची, आणि गोड लागली तर गोड लागली म्हणायचं.

तुमचीच, पण रागातच,
मिरीची आजी